मजला चुकलेला जावई

मी दार फोडायचा लोखंडी ओंडका बोलतोय. दचकू नका. आजवर मी तोंड उघडलं की घरंच्या घरं दचकली, पण आज मी नुसता बोलणार आहे. तेही रागाने बोलणार आहे, कारण गोड बोलून काही पदरात पडत नाही हे मी एका बाईच्या बाबतीत वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

सोळा किलो वजन, दोन कड्या आणि पुढे सपाट थोबाड, एवढाच माझा ऐवज. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे ज्या लोखंडी नळातून मला कापलं त्याच्याच तुकड्यांतून माझे भाऊबंदही निघाले. एक शाळेच्या फाटकाचा खांब झाला, एक पाण्याच्या पंपात गेला. मला कड्या जोडणारा वेल्डर घाम पुसत म्हणाला होता, "ह्याला डोकं लागत नाही, नुसतं वजन लागतं." मी ज्या खात्यात गेलो तिथल्या बऱ्याच जणांना हे वाक्य लागू पडलं असतं.

खातं म्हणजे केंद्राचं तपास खातं. देशभरात कुठल्याही राज्यात, कुठल्याही गल्लीत जाऊन दारात उभं राहायचा ज्यांना अधिकार आहे, ते. तिथे माझं नाव पडलं 'जावई'. कारण काय, तर जावई आला की दार उघडावंच लागतं! हा विनोद ज्याने पहिल्यांदा केला तो केव्हाच निवृत्त झाला, पण विनोद काही निवृत्त झाला नाही.

मला उचलायचं काम पैलवानाकडे होतं. हा कुस्ती कधी खेळला नव्हता. अंगापिंडाने दांडगा म्हणून लोक पैलवान म्हणत, बाकी माणूस मऊ. दरवेळी उचलताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चला जावईबापू, सासरवाडी आली." घर बरोबर निघालं की परतल्यावर तो माझ्या कडीशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. चुकीच्या घराचं काय करायचं, ह्याचा खात्यात रिवाजच नव्हता.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो. सांगताना आजही माझं लोखंड तापतं.

खबर आली होती की एका इमारतीत खोटे परवाने छापले जातात. चिठ्ठीत लिहिलं होतं, तिसरा मजला, डावीकडचं दार. खबर देणारा त्याच इमारतीत राहणारा होता. त्याच्या हिशेबाने तळमजला सोडून वर तीन. आमच्या खात्यात मात्र तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. लिफ्टमध्ये तसंच, कागदोपत्री तसंच. सगळी हयात त्या लिफ्टमध्ये वरखाली केलेल्या आमच्या पथकाच्या साहेबांना जगात कुणी वेगळं मोजत असेल असं वाटलंच नाही. ते तळमजल्यापासून मोजत चढले आणि वर दोनच जिने चढून थांबले. बोटाने दार दाखवलं. दार वाजवणं, कोण आहे विचारणं, असले चोचले तेव्हा नव्हते. पैलवानाने मला मागे घेतलं आणि मी एका दणक्यात आत गेलो.

सकाळचे दहा वाजले होते. आत अकरा पोरं होती. कुणी चित्रं काढत होतं, कुणी लोळत होतं. ते पाळणाघर होतं. मधोमध एक बाई दोन लेकरांना पोटाशी धरून उभी होती. मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. सगळी पोरं एका सुरात रडायला लागली. एक मुलगी तेवढी रडली नाही. तिने विचारलं, "मावशी, दार का पडलं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला खात्याला चार वर्षं लागली.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, चिठ्ठी बघितली, "ठीक आहे" म्हणाले आणि वळले. माफी मागायची नाही, असा सक्त नियम होता. माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली, आणि कबूल केली की प्रकरण अंगावर शेकतं. म्हणून चकार शब्द काढायचा नाही. पैलवानाने तेवढं एक केलं. मोडलेलं दार उचलून चौकटीला टेकवून ठेवलं, पोरांच्या अंगावर पडू नये म्हणून. एवढ्यात वरून एक गृहस्थ हातात दोन जड पिशव्या घेऊन शांतपणे जिना उतरले. पैलवानाने अंग चोरून त्यांना वाट दिली. खोटे परवाने छापणारे ते हेच, हे आम्हाला आठवड्याने कळलं.

खात्याच्या वहीत नोंद झाली, 'कारवाई निष्फळ'. पत्ता नाही, मजला नाही, पोरं नाहीत, मावशी नाही. झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण मावशीचा खोकला कुठे जातोय! तिचा धंदाच विश्वासाचा. आईबाप आपला काळजाचा तुकडा सकाळी तिच्या हातात देऊन कामाला जात. ज्या घरात केंद्राचं तपास खातं दार फोडून घुसलं, तिथे पोर कोण ठेवील? "काही तरी असल्याशिवाय येतात का?" असं लोक म्हणाले. तोंडावर नाही म्हणाले. तोंडावर "आजी आली आहे गावाहून, ती सांभाळेल" असं म्हणाले. एका पावसाळ्यात आठ आज्या गावाहून कशा येतील? अकराची आठ झाली, आठाची तीन.

मावशी खात्यात येऊ लागली. मागणं एकच होतं. तुम्ही चुकून माझ्या घरात आलात, एवढं कागदावर लिहून द्या. दर मंगळवारी यायची. दर मंगळवारी उत्तर मिळायचं, "असं काही घडल्याची नोंद नाही." मी तेव्हा गाडीतल्या पेटीत पडलेला असायचो, पण चालकांच्या गप्पांत तिचा विषय निघायचा. ते तिला 'मंगळवारवाली' म्हणून हसायचे. अरे, हसता काय! ज्याची नोंद नाही म्हणता तो मी इथे सोळा किलोचा पडलोय, या, वजन करून बघा!

मग दुसऱ्या एका राज्यात खात्याच्या माणसांनी आणखी एक चुकीचं दार फोडलं, आणि तिथे घरमालकाने सगळं चित्रित केलं. देशभर आरडाओरडा झाला. जुने साहेब गेले, नवे मोठे साहेब आले. हे बाहेरून आलेले, स्वच्छ, मृदू बोलणारे, खरंच काही करावं असं वाटणारे. मी त्यांची खोटी निंदा करणार नाही. त्यांनी नियम केला, आधी दार वाजवा, नाव सांगा, थांबा. चांगलाच नियम. मग त्यांनी जाहीर केलं, हे 'विश्वास वर्ष'. आणि तिथून सगळं रंगरंगोटीच्या वाटेने गेलं.

भिंतींना फिकट निळा रंग आला. खुर्च्यांना गाद्या आल्या. 'जनसंवाद कक्ष' नावाचं दालन झालं, आणि त्या दालनात काचेच्या कपाटात मला उभं केलं. मलाही रंग दिला, ठिपक्यांसकट सगळं निळं! खाली पाटी लावली, 'काल'. माझ्या शेजारी एक पितळी घंटी ठेवली, तिच्याखाली पाटी, 'आज'. ती घंटी कशालाच जोडलेली नव्हती. मी तिथे होतो तोवर माझ्या शेजारी होती बिचारी, एकदाही वाजली नाही.

पैलवानाचे गुडघे गेले होते, म्हणून त्याला ह्याच दालनात खिडकीवर बसवलं. छातीवर बिल्ला, 'मी आपली काय मदत करू?' कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे, कारण काच पुसायचं काम त्याचं.

आणि मंगळवारी मावशी आली. तिने पैलवानाला ओळखलं नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडावर काळी टोपी होती, फक्त डोळे दिसत होते. त्याने मात्र तिला दारातच ओळखलं. अर्ज हातात घेताना त्याने नजर कागदावरच ठेवली.

"आता तरी होईल का हो?" तिने विचारलं. "बाहेर एवढं मोठं लिहिलंय, विश्वास वर्ष म्हणून."

"अर्ज पुढे पाठवतो, ताई."

"पुढे म्हणजे कुठे? चार वर्षं झाली, हे पुढे आहे तरी किती लांब?"

पैलवानाने तिला पोच दिली. दुसरं काय देणार? मग दर मंगळवारी अर्ज, दर मंगळवारी पोच. फरक एवढाच की पूर्वी तिला उभं ठेवायचे, आता गादीच्या खुर्चीवर बसवून पाणी विचारायचे. नकार तोच, फक्त नरम झालेला. मला विचाराल तर जुना उद्धट नकार बरा होता. निदान माणसाला चिडता तरी येत होतं.

ह्या वेळी मात्र तिला घाई होती. पाळणाघराचा परवाना महिनाअखेर संपत होता. नव्या अर्जात एक रकाना होता, 'आपल्या जागेवर कोणत्याही तपास खात्याची कारवाई झाली आहे का? असल्यास कारण जोडा.' खोटं लिहायचं नाही आणि खऱ्याचा कागद नाही. कागद नसेल तर परवाना नाही, परवाना नसेल तर उरलेली तीन पोरंही जाणार.

मोठे साहेब रोज सकाळी दालनात चक्कर मारून सगळ्यांशी हस्तांदोलन करत. एका सकाळी पैलवानाने त्यांना माझ्या कपाटासमोरच गाठलं.

"साहेब, त्या बाईंना तीन ओळी लिहून द्या. दार मी फोडलंय. मला माहीत आहे चूक कुणाची ते."

साहेब खरंच हळहळले. "मला पटतंय हो. पण एकाला लिहून दिलं की उद्या दाराशी रांग लागेल."

"रांग आहेच, साहेब. आपण तिच्याकडे बघत नाही, एवढंच."

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस लिहील. त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'विश्वास सोहळ्यात सदर महिलेचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार करावा.' मी काचेला डोकं आपटून घेतलं असतं, पण मला आत घट्ट आवळून बसवलं होतं.

पुढच्या मंगळवारी मावशीने ती चिठ्ठी वाचली. "सत्कार? कशाबद्दल? दार फोडून घेतल्याबद्दल?"

पैलवानाने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, ते दार मी फोडलं होतं."

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "मोडलेलं दार चौकटीला टेकवून ठेवलं, ते तुम्हीच का?"

"हो."

"मग तेव्हाच टोपी काढून का नाही बोललात?"

"परवानगी नव्हती."

"आता आहे?"

"आताही नाही," पैलवान म्हणाला.

त्याच दुपारी त्याने काच पुसायच्या निमित्ताने कपाट उघडलं, मला खांद्यावर घेतलं आणि सरळ दालनातून बाहेर पडला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटलं, रंग द्यायला नेतोय. पैलवान लंगडत होता, दर चौकात मला खाली ठेवून गुडघा चोळत होता. ह्या वेळी त्याने मला जावईबापू म्हटलं नाही.

संध्याकाळी आईबाप पोरांना न्यायला येतात त्या वेळी आम्ही इमारतीच्या आवारात पोहोचलो. मला बघून दोन बायकांनी पोरं मागे ओढली. वरच्या खिडक्या धडाधड लागल्या. पैलवानाने मला जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर करून मोठ्याने म्हणाला, "घाबरू नका. माझं तोंड तेव्हा झाकलेलं होतं, पण ह्याला तुम्ही ओळखता. म्हणून ह्याला घेऊन आलोय. आम्ही मजला चुकलो. गुन्हेगार वर राहत होता. ह्या बाईंचा काडीचा संबंध नव्हता. चूक आमची."

एका तरुणाने मोबाइल धरून सगळं चित्रित केलं. काही माना हलल्या. एक आई रडायला लागली. तिचं पोर त्या अकरांतलं होतं. पण कठड्याला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे, बाबा. पण सरकारी माणसाचं तोंडी बोलणं म्हणजे बोलाचीच कढी. कागद आहे का?"

पैलवानाकडे कागद नव्हता. आजोबा काही चुकीचं बोलले नव्हते.

चित्रण रात्रीपर्यंत सगळीकडे पसरलं. खात्यात जी पळापळ झाली, ती मावशीच्या दारासाठी चार वर्षांत कधी झाली नव्हती. सकाळी पैलवान निलंबित. मावशीच्या अर्जाला पाय फुटत नव्हते, त्याच्या आरोपपत्राला पंख फुटले! 'शासकीय मालमत्ता विनापरवाना हलवून एका इमारतीत नेली व खात्याची प्रतिमा मलिन केली.' मीच ती मालमत्ता. माझ्या कडीला मुद्देमालाची चिठ्ठी बांधून मला भांडारात टाकलं. भांडारवाल्या काकांना हातात येईल तो कागद मोठ्याने वाचायची सवय आहे, म्हणून मला सगळं कळलं.

आणि इथे पैलवानाने, ज्याला जन्मभर लोकांनी नुसतं वजन समजलं त्याने, डोकं चालवलं. त्याने लेखी उत्तर दिलं, 'आरोप मोघम आहे. एका इमारतीत म्हणजे कोणत्या? तीच इमारत का? स्पष्ट नसल्यास उत्तर देता येत नाही.'

खात्यातला आरोपपत्र लिहिणारा अधिकारी मोठा काटेकोर. त्याचं एकही आरोपपत्र आजवर मोघम ठरलं नव्हतं, आणि त्याला त्याचा भारी अभिमान. त्याने नव्याने सगळं लिहिलं, पत्त्यासह, तारखेसह, आणि मोठ्या साहेबांनी ढिगातल्या बाकीच्या कागदांबरोबर त्यावर सही केली.

महिना संपायला दोन दिवस असताना सुनावणी झाली. मी टेबलावर. एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला खात्याची साक्षीदार म्हणून बोलावलेली मावशी. चौकशी अधिकाऱ्याने घसा साफ करून वाचलं, "ज्या इमारतीत खात्याच्या पथकाने मजल्याची गल्लत होऊन, कोणताही संबंध नसलेल्या महिलेच्या पाळणाघराचे दार चुकीने फोडले होते, त्याच इमारतीत आरोपीने..."

"थांबा," मावशी म्हणाली. "परत वाचा."

"बाई, तुम्ही साक्षीदार आहात. तुम्ही विचारलं तेवढ्याचं..."

"परत वाचा हो. चार वर्षं थांबले आहे मी."

त्याने परत वाचलं. वाचता वाचता त्याच्याच लक्षात आलं आणि शेवटी त्याने कागद खाली ठेवला. मावशीने डोळे पुसले. म्हणाली, "ह्याची एक प्रत मिळेल?"

"तशी तरतूद नाही. प्रत फक्त आरोपीला मिळते."

पैलवानाने आपल्या पुढ्यातली प्रत उचलली, सही आणि शिक्का वर येईल अशी घडी घातली आणि माझ्यावरून हात लांबवून तिला दिली. "घ्या ताई. मला पाठ आहे."

अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक चाळलं. आरोपीने स्वतःची प्रत कुणाला देऊ नये असा नियम त्यात सापडला नाही. पुढच्या आवृत्तीत तो नक्की असेल.

ह्याला आता अकरा महिने झाले. पैलवान घरीच आहे, निकाल लागलेला नाही, आणि त्याच्या निवृत्तीला वर्षही उरलं नाही. निकाल लागेपर्यंत मला वापरता येत नाही आणि वितळवताही येत नाही. माझ्या जागी काचेच्या कपाटात प्लास्टिकचा ओंडका ठेवला आहे म्हणे, वजनाला हलका. विश्वास वर्षाला मुदतवाढ मिळाली आहे.

माझा जीव जळतो तो ह्याचाच. एका बाईचं भलं करायला ज्या हातांना तीन ओळी जड झाल्या, त्याच हातांनी एका माणसाला शिक्षा करायला तीन पानं लिहिली. खरं सांगायची ताकद तुमच्यात होती, साहेब. फक्त ती रागवायच्या वेळीच का बाहेर येते? मला वितळवा, माझी फाटकं करा, खांब करा, काहीही करा. पण पुढच्या वेळी मजला चुकलात, तर निदान त्याच जिन्यात उभं राहून "चुकलो" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी लिहून द्या. रंगाचे डबे तसेच राहू द्या.

परवा भांडारवाले काका मुद्दाम वाट वाकडी करून मावशीच्या इमारतीत जाऊन आले. परवाना मिळाला आहे. पोरं सहा झाली आहेत, अकरा नाहीत. मावशीने तो कागद काचेत घालून दाराबाहेर लावला आहे, आईबापांना वाचता येईल अशा उंचीवर. पण त्यात एके ठिकाणी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली, आरोपीचं नाव छापलेलं आहे तिथे.

काकांनी विचारलं, "हे कशाला झाकलं?"

मावशी म्हणाली, "चूक खात्याची होती. कबूल करणाऱ्याचं नाव कशाला टांगू दारावर?"